कुरळे केस, खारं पाणी आणि जवसाचं जेल

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या पार्लरबाहेर पाट्या लागतात: स्मूदनिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स. खेड्यातल्या कुरळ्या केसांच्या पोरीनं लहानपणापासून एकच ऐकलेलं असतं, "झिपऱ्या आवर, डोकं पाहा कसं झालं." मग सोयाबीनचे पैसे आले की त्यातले काही हजार त्या खुर्चीत जातात. सहा महिन्यांत मुळाशी पुन्हा कुरळे केस उगवतात आणि खालचे सरळ केस मधूनच तुटायला लागतात.

कुरळे केस म्हणजे खराब केस नव्हेत. त्यांची निगा वेगळी असते, एवढंच. ही निगा जगात सगळ्यात बारकाईनं कोणी शोधून काढली असेल, तर ती अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी. आपण त्यांच्याकडून ती विद्या घ्यायला हवी. उलट आपण उचलतोय ती केस सरळ करायची रसायनं, जी त्यांच्यातल्याच हजारो जणींनी आता सोडून दिली आहेत.

कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांना या विद्येची सुरुवात लगेच कळेल. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात मळ्यावरच्या कृष्णवर्णीय बायकांकडे कंगवे नसत. लोकर-कापूस पिंजायच्या दातेरी पाट्यांनी त्या केस सोडवत आणि डोक्याला फडकं बांधून कामावर जात. तिथल्या लुईझियाना राज्यात डेल्टा गावी अशाच एका कापसाच्या मळ्यावर १८६७ साली सारा ब्रीडलव्ह जन्मली. तिचे आईबाप आधी त्याच मळ्यावर गुलाम होते. तिनं पुढे सेंट लुइसला धुणी धुऊन पोट भरलं. घरात नळ नाही, डोकं धुणं कधीतरी, टाळूवर खपल्या आणि केस चाललेले, अशी त्या वेळी घरोघरी गत होती. केसांची उत्पादनं बनवणाऱ्या ॲनी टर्नबो मलोन या कृष्णवर्णीय उद्योजिकेचा माल विकता विकता साराने मॅडम सी. जे. वॉकर या नावानं स्वतःचं मलम काढलं आणि १९१० मध्ये इंडियानापोलिसला कारखाना टाकला. मलमात मुख्य म्हणजे गंधक आणि पेट्रोलियम जेली. पण त्यासोबत जे शिकवलं जाई ते जास्त मोलाचं होतं: डोकं नियमित धुवा, टाळू साफ ठेवा, मग औषध लावा. हजारो बायका हे शिकून दारोदार माल विकू लागल्या आणि आपल्या पायावर उभ्या राहिल्या.

पुढे याच बाजारात केस सरळ करायच्या क्रीमचं राज्य आलं. कुरळे केस घेऊन नोकरीला गेलं तर नोकरी मिळेना, शाळेत गेलं तर घरी पाठवत. त्याविरुद्ध कायदा करायला कॅलिफोर्नियाला २०१९ साल उजाडावं लागलं. विगचा धंदाही फोफावला. त्यातल्या खऱ्या केसांचा एक धागा थेट आपल्या अंगणात येतो. 'केसावर भांडी' म्हणत फिरणारा फेरीवाला जे गुंतवळ वाटीवर, फुग्यावर घेऊन जातो, तसलं गुंतवळ पुढे सुयांनी सोडवतात, लांबीप्रमाणे वेगळं करतात आणि ते विग-एक्स्टेन्शनच्या कारखान्यांकडे जातं. २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. गुंतवळ द्यायचंच असेल तर कोरडं ठेवा, तेलकट गोळा वेगळा करा आणि घरच्या काट्यावर वजन करूनच द्या.

खुर्चीत बसण्याआधी

पार्लरमध्ये 'स्ट्रेटनिंग' या एका नावाखाली तीन निराळी रसायनं असतात, आणि गडबड इथंच होते.

पहिलं थायो. रीबाँडिंग आणि स्मूदनिंगमध्ये बहुतेक हेच असतं. केसाला त्याचा आकार देणारे गंधकाचे दुवे ते तोडतं. मग गरम इस्त्री फिरवून केस सरळ करतात आणि दुसऱ्या क्रीमनं दुवे पुन्हा जोडतात. दुसरं हायड्रॉक्साइड, म्हणजे कृष्णवर्णीय बायकांच्या बाजारातलं रिलॅक्सर. त्याचा पीएच १२ ते १४, कॉस्टिक सोड्याच्या जातीचा. ते दुव्यातला गंधकाचा एक कण काढूनच टाकतं, म्हणून तो दुवा परत पूर्वीसारखा जुळत नाही. ही दोन्ही एकाच केसावर कधीही चालत नाहीत. आधी थायो झालेल्या केसावर हायड्रॉक्साइड गेलं, किंवा उलट झालं, तर ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो. ब्युटिशियनला मागचा इतिहास सांगितल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा मागच्या वेळी काय लावलं होतं ते सांगा. काळी मेहंदी लावत असाल तर तेही सांगा. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात. जोडणाऱ्या क्रीममधल्या पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापतात आणि जळतात.

तिसरं 'केराटिन'. यात फॉर्मॅलिन असेल तर इस्त्रीखाली धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं, घसा धरतो. फॉर्मॅलिन नको म्हणून त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या बाईची नोंद प्रसिद्ध केली. तिनं तीन वेळा हे उपचार करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. हे आम्ल कातडीतून आत जातं, त्याचं ऑक्झलेट होतं आणि त्याचे बारीक स्फटिक मूत्रपिंडात साठतात. बाटली हातात घेऊन लेबल वाचा. लेबल नसलेल्या, सुट्या डब्यातल्या क्रीमला सरळ नाही म्हणा. करवून घेतल्यावर उलट्या, ताप, कंबरदुखी झाली किंवा लघवी कमी झाली तर दवाखान्यात जा आणि केसाला काय लावलं ते डॉक्टरला आवर्जून सांगा.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं ३३,४९७ बायकांचा जवळपास अकरा वर्षांचा अभ्यास मांडला. केस सरळ करायची उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं अंदाजे प्रमाण १.६४ टक्के होतं. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के होतं. यावरून क्रीमनंच कर्करोग होतो हे सिद्ध होत नाही, आणि वर्षात एकदा करणाऱ्या पोरीनं रात्रभर जागावं असाही हा आकडा नाही. पण ज्या बाजारपेठेत ही उत्पादनं सर्वांत जास्त खपली, तिथल्याच बायका ती का सोडताहेत हे त्यातून समजतं.

इतकं वाचूनही सरळ करायचेच असतील तर मानेजवळची पंधरा-वीस केसांची बट दोऱ्यानं बांधून कापून घ्या आणि तिच्यावर आधी क्रीम लावायला सांगा. वेळ झाल्यावर धुऊन ओली बट हलकेच ओढा. ताणून सोडल्यावर परत आली तर ठीक. ताणलेलीच राहिली किंवा तुटली तर उठून घरी या.

केस गळतो की तुटतो

कुरळ्या केसाची मुळातली पिशवीच वाकडी असते आणि केस चपटा असतो. टाळूचं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसात ते पहिल्या-दुसऱ्या वळणावरच अडतं, म्हणून मुळं तेलकट आणि टोकं वाळकी. प्रत्येक वळण हा कमजोर सांधा असतो आणि कोरडा केस ओढला की तो तिथंच तुटतो. कोरड्या कुरळ्या केसांतून फणी फिरवायची नाही, याचं कारण हे.

हातात आलेला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळासकट गळला. रोज ५० ते १०० केस असे गळतातच. कुरळे केस गळून एकमेकांत अडकून राहतात आणि धुण्याच्या दिवशी एकदम झुबका निघतो, त्यानं घाबरू नका. ठिपका नसेल आणि तुकडा आखूड असेल तर केस तुटलाय. तुटण्यावर खाली सांगितलेले उपाय चालतात. मुळासकट मूठ-मूठ केस जात असतील तर जेल-तेलाच्या मागे न लागता रक्त तपासा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत लोकांना टक्कल पडू लागलं, तेव्हा पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हात जास्त असलेल्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. केसांवर दिसणारं सगळंच केसांवरून आलेलं नसतं.

पाणी आणि धुणं

अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. बाकी ठिकाणीही बोरचं पाणी जडच. जड पाण्यात साबणाचा पांढरा साका होतो आणि वळणावळणात बसतो, म्हणून डोक्याला अंगाचा साबण लावायचा नाही. शाम्पूचा साका होत नाही, पण पाण्यातले क्षार तरी बसतातच. त्यासाठी शेवटचे एक-दोन लोटे आरओच्या कॅनमधल्या किंवा पावसाच्या पाण्याचे घ्या. पंधरा दिवसांतून एकदा एक लिटर पाण्यात एक चमचा लिंबाचा रस टाकून ते केसांवरून सोडा आणि दोन मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. लिंबू जास्त घातलं म्हणून केस जास्त स्वच्छ होत नाहीत, टाळू मात्र चुरचुरते.

अतिशय घट्ट कुरळे केस असलेल्या बायका आठवड्या-दोन आठवड्यांनी धुतात. आपल्याकडे कापूस वेचणीत केसांत बोंडाच्या टरफलाचा चुरा बसतो, सोयाबीनच्या मळणीत भुसा. त्यामुळे आठवड्यातून एकदा धुणं हवंच, पण शाम्पू फक्त टाळूला. फेस खाली वाहतो, तो लांबीला पुरतो. शिकेकाई-रिठा वापरणाऱ्यांनी रात्री भिजवून, उकळून, फडक्यातून गाळूनच वापरावं. भरड पूड वळणांत अडकते आणि ती काढता काढता केस तुटतात.

गुंता सोडवायचा तो केस ओले आणि बुळबुळीत असताना. गावच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, कंडिशनरची पुडी क्वचित दिसते. कुरळ्या केसांना लागणारी नेमकी तीच वस्तू दुकानात नसते. ती कमी जवस भरून काढतं, त्याचं पुढे सांगते. केसांचे चार भाग करा, प्रत्येक भागाला बुळबुळीत हात फिरवा, आधी बोटांनी गाठी मोकळ्या करा, मग रुंद दाताचा कंगवा टोकाकडून घ्या: खालची चार बोटं, मग त्यावरची चार, असं वर मुळाकडे या. वरून ओढलं की सगळ्या गाठी खाली जाऊन एक घट्ट गोळा होतो.

रात्री सुती उशीऐवजी सॅटिनचं किंवा जुन्या गुळगुळीत साडीचं फडकं डोक्याला बांधा. सूत तेल-ओल शोषून घेतं आणि घासतं. उन्हाळ्यात तोंडाला-डोक्याला जो सुती दुपट्टा गुंडाळतो, त्याच्या आतही असंच फडकं घ्यावं. कपाळाजवळचे बारीक केस तिथंच घासून जातात.

शाळेच्या दोन वेण्यांबद्दल एवढंच: बांधल्यावर भुवया ताणल्या गेल्या, टाळू दुखली किंवा केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या आल्या तर वेणी सोडून सैल घाला. घट्ट वेण्यांनी कानावरचे, कपाळावरचे केस विरळ होतात. कृष्णवर्णीय मुलींत हे फार आढळतं आणि आपल्याकडेही आढळतं, फक्त आपण त्याला 'कपाळ मोठं आहे' म्हणून सोडून देतो. लवकर ओळखलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढलं तर येत नाहीत.

एरंडेल

शहरी दुकानांत 'जमैकन ब्लॅक कॅस्टर ऑइल'ची बाटली महागात विकली जाते. ते एरंडेलच. एरंडी भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढतात, म्हणून रंग काळपट. आपल्याकडे धुऱ्यावर एरंडी उभी असते आणि तेल काढायची जुनी रीतही अशीच होती. तरी घरी काढू नका. बियांत रिसिन नावाचं विष असतं, आणि चोथा बकरीनं किंवा लेकरानं तोंडात घातला तर जिवाशी येतं. दुकानातलं बाटलीबंद एरंडेल पुरेसं आहे.

एरंडेलानं केस वाढतात याला धड पुरावा नाही. त्याचा खरा उपयोग टोकांची ओल धरून ठेवायला होतो. एक भाग एरंडेल, तीन भाग खोबरेल, आणि त्यातलं अर्धा चमचा ओलसर टोकांना. एरंडेल लांब केसांना चोपडून मग चोळून धुतल्यावर सगळे केस नमद्यासारखे घट्ट चिकटून कापावे लागल्याची नोंद भारतातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली आहे. कृष्णवर्णीय बायकांकडचे जड लोण्यासारखे मलम, शिया बटर वगैरे, आपल्या बहुतेकींना नकोच. आपले केस बऱ्याचदा लाटदार किंवा स्प्रिंगसारखे असतात, ते त्या वजनानं बसून जातात.

जवस

आता मुख्य गोष्ट. कृष्णवर्णीय बायकांनी घरोघरी उकळलेलं फ्लॅक्ससीड जेल म्हणजे आपलं जवस. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत ओलीवर पेरतात ते, ज्याची चटणी ताटात असते ते. बीच्या सालीवर चिकट पदार्थाचा थर असतो, तो गरम पाण्यात सुटतो.

पाव कप जवस घ्या, साधारण ४० ग्रॅम. जवस कच्चं आणि अख्खं हवं. दळलेलं घेतलं तर पीठ आणि तेल पाण्यात मिसळतं आणि काही केल्या गाळता येत नाही. चटणीसाठी भाजलेलं उरलंय म्हणून तेही वापरू नका. निवडून एकदाच भरकन धुवा. पाण्यात ठेवलं तर चिकटपणा धुण्यातच जातो.

जाड बुडाच्या गंजात दोन कप पाण्यासोबत मध्यम आचेवर ठेवा. पहिल्यापासून सराट्यानं ढवळत राहा, नाहीतर बी तळाला बसून लागते आणि जेलला करपट वास येतो. उकळी आल्यावर वर पांढरा फेस जमतो. चार-पाच मिनिटांनी पाणी पातळ कढीसारखं होतं. इथं अर्धं गाळून घ्या: गुंता सोडवायला हेच लागतं, कंडिशनरच्या जागी. उरलेलं आणखी तीन ते पाच मिनिटं. सराटा उचलल्यावर धार तुटत नाही, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी लोंबते, तेव्हा लगेच उतरवा. 'अजून थोडं घट्ट' म्हणत ठेवलं की सगळा लगदा होतो. असं झालंच तर अर्धा कप उकळतं पाणी घालून ढवळा.

गाळायचं ते गरम असतानाच. थंड झालं की जेल बीला धरून बसतं. धोतराचं दाट फडकं चोंदतं, त्यापेक्षा जुना नायलॉनचा मोजा, मच्छरदाणीचा स्वच्छ तुकडा किंवा मोठी गाळणी बरी. मोज्यात ओतून, गाठ मारून, चिमट्यानं किंवा दोन चमच्यांत दाबून पिळा. हातानं पिळायला गेलं तर पोळतं.

यात टिकवणारं काही नसतं. फ्रिजमध्ये सात ते दहा दिवस. बाहेर थंडीत एक-दोन दिवस, वैशाखात तर त्याच दिवशी वापरून संपवा. व्हिटॅमिन ई ची गोळी फोडून घातल्यानं जेल टिकत नाही. ती तेल खवट होऊ देत नाही, जंतूंना अडवत नाही. फ्रिज असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा आणि धुण्याच्या दिवशी दोन-तीन तुकडे काढा. आंबूस वास आला, पाणी सुटलं किंवा जेल अचानक पातळ झालं तर टाकून द्या. टाळूला पुटकुळ्या यायला तेच कारण ठरतं.

लावायचं ते केसांतून पाणी टपकत असताना. खांद्यापर्यंतच्या केसांना पोह्याचे तीन-चार चमचे. तळव्यांमध्ये पसरून केसांवरून घ्या, मग मान खाली घालून मुठीत केस वर दाबा, 'पचक' असा आवाज आला म्हणजे पाणी आणि जेल दोन्ही पुरेसं आहे. जुना टी-शर्ट दाबून पाणी टिपा, टॉवेलनं घासू नका. आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. अर्धवट वाळलेल्या केसांना हात लागला की वळण मोडतं आणि केस पिंजारतात. पूर्ण वाळल्यावर केस कडक लागतात, तसंच व्हायला हवं. मग दोन थेंब खोबरेल हाताला चोळून तो पापुद्रा मुठीनं मोडला की वळणं मऊ होतात.

पांढरे कण पडले तर तीन कारणं बघा: जेल जास्त झालं, खाली तेलाचा थर होता म्हणून ते वरच बसलं, किंवा शेवटचं पाणी जड होतं. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कारण कळेल.

गाळून उरलेलं जवस वाया जात नाही. गार झालं की म्हशीच्या ढेपेत मिसळून द्या.